तारणाची खात्री असायलाच पाहिजे का? बाबांसाठी विचारतेय

शहापूरची_लेक
सगळ्यांना सलाम. इथं मी बहुतेक नुसती वाचत असते, आज मात्र लिहिल्याशिवाय राहवेना. आमचे बाबा पंचाहत्तरीचे, उद्यमबागेत फाउंड्रीसाठी पॅटर्न बनवण्यात सगळी उमर गेली, जन्मापासून मेथडिस्ट, पहाटे उठून आधी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणार मग चहा, पाऊस असो काही असो रविवारची उपासना चुकवलेली मला तरी आठवत नाही. गेल्या महिन्यात ओळखीच्या लोकांनी त्यांना एका कन्व्हेन्शनला नेलं, सोबत मी पण गेले होते. शेवटी बाहेरून आलेल्या वक्त्यानं सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाला, आज रात्री श्वास थांबला तर आपण स्वर्गात जाणार याची ज्यांना शंभर टक्के खात्री आहे त्यांनी हात वर करा. मी डोळे उघडून बाबांकडं बघितलं. हात गुडघ्यावरून चार बोटं उचलला आणि परत खाली ठेवला. वक्ता पुढं म्हणाला की ज्यांचे हात वर आले नाहीत त्यांचं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालेलंच नाही, नव्व्याण्णव टक्के खात्री असली तरी ती नरकाचीच वाट.

तेव्हापासून बाबांचं जेवण कमी झालंय, बोलणं तर जवळजवळ बंदच. परवा मला म्हणाले, "मग बाळ, एवढी वर्षं मी नुसताच जाऊन बसत होतो म्हणायचं काय गं?" मला काय उत्तर द्यायचं तेच सुचेना. माझ्या सासूबाई खानापूरच्या, कॅथलिक, त्या म्हणतात असली खात्री आपण मागायचीच नसते, ते देवाचं बघणं, आपण प्रार्थना करायची. नवरा म्हणतो सोडून दे, विसरतील. पण ते विसरणार नाहीत, मी त्यांना ओळखते.

तर खात्री असू शकते का, आणि नसली तर तारण नाही असं कुठं लिहिलंय का, हे जाणकारांनी सांगा. कृपा करून आपापसात भांडू नका.

घटप्रभा_साक्षी
प्रेज द लॉर्ड ताई. बाबांसाठी आजच प्रार्थना करतो. पण खरं ते सांगायला पाहिजे, खात्री मिळते आणि ती मिळालीच पाहिजे. मी गोकाककडचा, आजोबांपासून आम्ही चर्चमधले, लहानपणी बाप्तिस्मा, रविवारची शाळा, सगळं झालं, पण मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो बघू, देवाच्या मनात असंल तसं. मग एका प्रार्थनेच्या रात्री देवानं मला धरलं, त्या रात्रीपासून आजपर्यंत मला मरणाची भीती नाही. योहानाचं पहिलं पत्र ५:१३ काढून बघा, तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावं म्हणून मी लिहितो असं तो स्पष्ट सांगतो. रोमकरांस ८:१६ मध्ये आत्मा स्वतः साक्ष देतो की आपण देवाची मुलं आहोत. योहान ५:२४ मध्ये तर विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात पार गेलाच आहे असं प्रभू स्वतः म्हणतो. हे सगळं असताना माणूस आयुष्यभर चाचपडत का राहील? वक्त्याची भाषा कडक असंल पण प्रश्न बरोबर होता, माझं मत.

शहापूरची_लेक
दादा तुमची साक्ष मनापासून वाचली. पण बाबांना पण हीच वचनं पाठ आहेत. त्यांना वचनावर शंका नाही, शंका स्वतःवर आहे. ते म्हणतात विश्वास ठेवणाऱ्याला जीवन आहे हे खरंच, पण मी ठेवलाय तो खरा विश्वास की सवय, हे मला कसं कळणार?

निपाणीकर_मास्तर
ताई, बाबांचा हा प्रश्न फार जुना आहे आणि फार प्रामाणिक माणसांना पडत आलेला आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, त्या सभेत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या. तारण होणं एक, आणि तारण झालंय असं मनाला पटलेलं असणं दुसरं. पहिलं असून दुसरं नसू शकतं. मार्क ९ मधला तो बाप बघा, मुलाला फेफरं यायचं, शिष्यांकडून काही झालं नाही, आणि येशूसमोर तो ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच दमात दोन्ही. येशूनं त्याला, जा, शंभर टक्के झाल्यावर ये, असं सांगितलं नाही, मुलगा बरा करून दिला. आता या बापाला हात वर करायला सांगितला असता तर त्यानं केला असता का?

दुसरं. प्रॉटेस्टंटांत शिस्तीला सगळ्यात कडक म्हणावेत ते इंग्लंडचे प्युरिटन. त्यांनी १६४६ साली वेस्टमिन्स्टरला जो विश्वासाचा जाहीरनामा पुरा केला त्यात अठरावा अध्याय आख्खा याच विषयावर आहे. त्यात एक तर खात्री मिळू शकते, ती नुसती अटकळ नसते, असं ठामपणे म्हटलंय, म्हणजे घटप्रभा बंधूंचं म्हणणं त्यात बसतं. पण लगेच पुढं लिहिलंय की ही खात्री विश्वासाचा असा भाग नाही की ती नसली तर विश्वासच नाही, खऱ्या विश्वासणाऱ्याला तिच्यासाठी बराच काळ वाट बघावी लागू शकते, पुष्कळ झगडावं लागू शकतं. आणि मिळालेली खात्रीसुद्धा हलू शकते, कमी होऊ शकते, कधी पापामुळं, कधी अचानक आलेल्या परीक्षेमुळं, तर कधी देव आपल्या मुखाचा प्रकाश थोडा काळ आवरून घेतो म्हणून. देवाला भिणारी माणसंसुद्धा अंधारात चालतात असं त्यांनी लिहून ठेवलंय.

तिसरं, विल्यम कूपर. अठराव्या शतकातला इंग्रज कवी, जॉन न्यूटन या पाद्र्याचा जवळचा मित्र, दोघांनी मिळून भजनं लिहिली, ख्रिस्ताच्या रक्तानं पाप धुतलं जातं यावरचं त्याचं भजन आजही जगभर गायलं जातं. हा माणूस मनाच्या आजारानं पोखरलेला होता, आणि १७७३ नंतर देवानं आपल्याला कायमचं टाकलंय हेच त्याच्या डोक्यात बसलं. १८०० साली वारला तोवर ते सुटलं नाही. त्या वक्त्याच्या हिशोबानं कूपर नरकात गेला म्हणायचा. मी असं म्हणायला धजणार नाही, आणि न्यूटननंही कधी म्हटलं नाही.

म्हणून बाबांना सांगा, विश्वासाचं बळ विश्वास ठेवणाऱ्याच्या मुठीत नसतं, ज्याच्यावर ठेवला त्याच्यात असतं. तुम्ही पॅटर्न करताना ड्रॉइंगकडं बघत होता की स्वतःच्या हाताकडं? दिवसभर स्वतःचा हातच बघत बसलं तर भल्या कारागिराचाही हात थरथरायला लागेल.

मलप्रभाकाठ
मास्तरांनी छान लिहिलंय. मी खानापूर तालुक्यातला कॅथलिक, घरात कोंकणी, बाहेर मराठी, शाळा कन्नड. ताईंच्या सासूबाईंची बाजू इथं कुणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहितो, कारण आमच्याबद्दल नेहमी असं बोललं जातं की कॅथलिकांना तारणाची खात्री नाही म्हणून ते भीतीत जगतात.

१५४७ साली आमच्या चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं तारणावर जो ठराव केला त्यात म्हटलंय की देवाची दया, ख्रिस्ताचं पुण्य आणि संस्कारांचं सामर्थ्य यावर कुठल्याही भाविकानं शंका घेऊ नये. पण स्वतःकडं, स्वतःच्या दुबळेपणाकडं बघितल्यावर माणसाला भीती वाटू शकते, आणि मी नक्की कृपेत आहे हे चूक होऊच शकत नाही अशा खात्रीनं कुणाला कळत नाही. शेवटपर्यंत मी टिकणारच असं छातीठोक सांगणं, देवानं कुणाला खास प्रकट केलं असल्याशिवाय, चूक आहे. म्हणजे शंका देवावर नाही, माझ्यावर आहे. पौलासारखा माणूस करिंथकरांस पहिल्या पत्रात ४:४ ला म्हणतो की माझं मन मला दोष देत नाही, पण तेवढ्यानं मी निर्दोष ठरत नाही, न्याय करणारा प्रभू आहे. त्याच पत्रात १०:१२ ला आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं त्यानं पडू नये म्हणून सांभाळावं असं आहे.

आणि फ्रान्सची जोन ऑफ आर्क. १४३१ साली तिच्यावर खटला चालला, एकोणीस-वीस वर्षांची शेतकऱ्याची पोर, समोर शिकलेले धर्मपंडित, त्यांनी विचारलं, तू देवाच्या कृपेत आहेस असं तुला माहीत आहे का? हो म्हणाली तर गर्विष्ठ, पाखंडी, नाही म्हणाली तर स्वतःच्या तोंडानं पापी ठरली. ती म्हणाली, मी नसेन तर देवानं मला त्यात घ्यावं, आणि असेन तर देवानं मला त्यात ठेवावं. आमच्या चर्चच्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे शिकवणीच्या पुस्तकात, कृपा अनुभवानं मोजता येत नाही असं जिथं सांगितलंय तिथं तिचं हेच उत्तर दिलंय. माझी आई खूप वर्षं रात्रीच्या रोझरीनंतर, म्हणजे माळेच्या प्रार्थनेनंतर, जवळजवळ याच अर्थाचं कोंकणीत म्हणायची, तिला जोन कोण हे माहीत पण नव्हतं. ती घाबरलेली कधी दिसली नाही मला. पापनिवेदनाला जायची, फादरांच्या तोंडून क्षमा ऐकायची, परत घरी येऊन भाकऱ्या थापायची. पक्की खात्री आणि भीती, एवढ्या दोनच गोष्टी नाहीत जगात, मध्ये आशा पण आहे, आणि आशा दुबळी नसते.

घटप्रभा_साक्षी
मलप्रभा बंधू, तुमच्या आईंचा आदर राखून बोलतो. पण हे सगळं वाचून मला वाटतं आपण खात्री नसण्यालाच सजवून ठेवतोय. पंडिता रमाबाईंचं बघा. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत त्यांच्याएवढं मोठं नाव दुसरं कुठलं? १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आणि नंतर स्वतःच लिहून ठेवलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना तो मिळाला आणि आपल्या पापांची क्षमा झाली हे कळलं. मग त्यांनी नुसती आशा आहे म्हणून समाधान मानलं असतं तर? केडगावचं मुक्ती मिशन, १९०५ चं तिथलं संजीवन म्हणजे आत्मिक जागृती, आख्ख्या शास्त्राचं मराठी भाषांतर, या सगळ्याच्या मुळाशी ती खात्री होती. म्हणून मी म्हणतो बाबांना थोपटून झोपवू नका, त्यांना मिळेपर्यंत मागू द्या.

निपाणीकर_मास्तर
रमाबाईंचा दाखला वजनदार आहे, तो मी बाजूला सारणार नाही. फक्त एक विचारतो, त्या आठ वर्षांत देव त्यांच्यासोबत नव्हता का? त्याच काळात त्या अमेरिका फिरल्या, परत येऊन १८८९ मध्ये मुंबईला विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडलं. मी तर म्हणेन देवानं त्यांना आधीच धरलं होतं, त्यांना कळलं नंतर. तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत ते, मागत राहू द्या, ते मला मान्यच आहे. पण मागणाऱ्याला तू बाहेरचा आहेस असं माइकवरून सांगायचं नसतं.

सदलगा_वारी
मी ख्रिस्ती नाही, घरात पंढरीची वारी आहे, पण शेजारी तुमचे लोक आहेत आणि हा धागा सकाळपासून वाचतोय. एक सरळ शंका. समजा एखाद्याला पक्की खात्री झाली की आपलं ठरलं, आता काही झालं तरी जागा नक्की, तर तो चांगलं वागायचं कष्ट कशाला घेईल? आमच्याकडं पण नाम घेतलं की झालं म्हणणारे भेटतात, आणि वागणं बघितलं तर काही विचारू नका. राग मानू नका, खरंच जाणून घ्यायचंय.

निपाणीकर_मास्तर
राग कशाचा, हाच प्रश्न पौलाला त्याच्या हयातीत लोकांनी विचारला होता. कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहायचं का, असं रोमकरांस ६ च्या सुरुवातीला तो स्वतःच मांडतो आणि कदापि नाही म्हणून उत्तर देतो. ज्याला खरंच कळलं की आपलं कर्ज दुसऱ्यानं फेडलंय तो त्याच माणसाच्या दारात जाऊन घाण टाकत नाही. टाकत असेल तर त्याला कळलेलंच नाही. म्हणूनच मत्तय ७ मध्ये प्रभू, प्रभू म्हणणारे, भुतं काढणारे, चमत्कार करणारे लोक दारात येतात आणि मी तुम्हाला कधी ओळखलंच नाही असं ऐकतात. आणि मला नेहमी हे जाणवतं की त्या लोकांना खात्री पुष्कळ होती! म्हणजे नुसती खात्री असणं हा पुरावा नाही, तशी नुसती शंका असणं हा पण पुरावा नाही.

सदलगा_वारी
हे पटलं. धन्यवाद मास्तर. ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

मिशन_सिस्टर
उशिरा लिहितेय, नाइट ड्यूटी होती. मिरजेला नर्सिंग शिकले, आता बेळगावात आहे, माहेर सासर दोन्ही मेथडिस्ट. ताई तुमचे बाबा आपल्याच चर्चचे म्हणून मुद्दाम सांगते, हे त्यांना वाचून दाखवा.

आपल्या बेळगावात शुभवर्तमानाचं काम १८२० साली लंडन मिशनच्या लोकांनी सुरू केलं, ते पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेथडिस्टांकडं आलं हे बाबांना माहीत असेलच. मेथडिस्टांचा तर जन्मच खात्रीच्या अनुभवातून झाला. २४ मे १७३८, लंडनमध्ये आल्डर्सगेट रस्त्यावरची एक छोटी सभा, कुणीतरी लूथरनं रोमकरांसच्या पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं, रात्रीचे पावणेनऊच्या सुमारास मेथडिस्टांची सुरुवात करणाऱ्या जॉन वेस्लीला आपल्या अंतःकरणात ऊब आल्यासारखं वाटलं आणि ख्रिस्तानं माझी, माझीसुद्धा, पापं नेली अशी खात्री त्याला मिळाली. हे आपण दरवर्षी ऐकतो. यापुढचं मात्र फार कुणी सांगत नाही. पुढच्याच वर्षी जानेवारीत तो आपल्या रोजनिशीत लिहितो की मी आता ख्रिस्ती नाही. १७६६ मध्ये, म्हणजे हजारो लोक त्याच्या प्रवचनानं बदलले होते तेव्हा, भाऊ चार्ल्सला खाजगी पत्रात लिहितो की माझं देवावर प्रेम नाही, कधी नव्हतंच. तरी प्रवचन द्यायचं थांबवलं नाही, घोड्यावर बसून गावोगाव जात राहिला.

आणि बाबांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. तरुणपणी वेस्ली त्या वक्त्यासारखंच शिकवायचा, ज्याला क्षमा झाल्याचं कळलेलं नाही तो देवाच्या क्रोधाखाली आहे असं. नंतर त्यानं हे बदललं. १७६८ च्या एका पत्रात तो सरळ लिहितो की देवानं मला स्वीकारलंय याची जाणीव असणं ही तारण देणाऱ्या विश्वासाची अट आहे असं मी कितीतरी वर्षांपासून मानत नाही. म्हातारपणी तर तो असं म्हणाल्याची नोंद आहे की पन्नास वर्षांपूर्वी मी आणि चार्ल्स लोकांना तसं सांगत होतो तेव्हा त्यांनी आम्हाला दगड कसे मारले नाहीत याचंच नवल वाटतं. खात्रीचा उपदेश त्यानं सोडला नाही, ती देवाच्या सगळ्या लेकरांना मिळू शकते असंच शेवटपर्यंत सांगितलं, फक्त ती नसलेल्याला बाहेर काढायचं सोडलं. आपल्या चर्चचा पाया घालणाऱ्यानं जे सोडलं ते बाहेरून आलेल्या कुणी परत आपल्या माथी मारायचं कारण नाही.

आता माझं बघणं. शेवटच्या दिवसांत असलेली खूप माणसं जवळून बघितली. ज्यांना खात्री असते त्यांचं जाणं वेगळं असतं हे मी नाकारणार नाही, घटप्रभा भाऊ म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण आयुष्यभर खात्रीनं बोलणारे शेवटी घाबरलेले पण बघितलेत, आणि ऑक्सिजन कमी पडला, औषधं चढली की मनात काय काय येतं त्यावरून माणसाचं तारण ठरवायचं म्हटलं तर कुणीच सुटणार नाही. एक आजोबा होते, घरची भाषा मराठी पण शाळा कन्नड, स्तोत्र २३ त्यांना कन्नडमधूनच पाठ. मी मराठीत वाचायला लागले की हातानं नको म्हणायचे. माझं कन्नड वाचन अडखळत, मी एक ओळ वाचायची आणि पुढची ते ओठ हलवून पुरी करायचे. मुलगा सारखा विचारायचा, बाबा तुम्हाला शांती आहे ना, खात्री आहे ना, आणि ते त्याच्याकडं बघायचे सुद्धा नाहीत, माझ्याकडं बोट करून पुढची ओळ मागायचे. मी तेव्हापासून कुणाला खात्री आहे का असं विचारत नाही. वचन वाचते.

शहापूरची_लेक
सिस्टर, तुमचं वेस्लीचं मी आत्ताच बाबांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. १७६८ चं पत्र कुणाला लिहिलं होतं ते विचारतायत. आणि दगडाचं ऐकून म्हणाले, "म्हणजे त्यांनी स्वतः म्हटलंय?" आज पोळीबरोबर भात पण खाल्ला.

मिशन_सिस्टर
डॉक्टर रदरफोर्थ म्हणून एक धर्मपंडित होते, त्यांना. त्यांनी मेथडिस्टांवर टीका केली होती त्याचं उत्तर होतं ते.

मलप्रभाकाठ
ताई, सासूबाईंना आणि बाबांना एकत्र बसवून सांगण्यासारखं एक आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गला कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक संघ यांनी तारणाच्या शिकवणीवर एक संयुक्त घोषणापत्र सही केलं, आणि २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट कौन्सिलनं पण त्याला मान्यता दिली. त्यात तारणाच्या खात्रीवर वेगळा भाग आहे. स्वतःच्या उणिवांकडं बघितलं तर कुणालाही काळजी वाटू शकते, पण देवाला आपलं तारण हवंय याबद्दल माणसानं निश्चिंत असावं, असा त्याचा अर्थ. म्हणजे चारशे-साडेचारशे वर्षं ज्यावरून एकमेकांना शाप दिले त्यावर सासूबाईंच्या चर्चनं आणि बाबांच्या चर्चनं एका कागदाला मान डोलावली. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण तुमच्या घरात तरी या मुद्द्यावर भांडायचं कारण उरत नाही.

शहापूरची_लेक
हे मला अजिबात माहीत नव्हतं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मग मी काय वेगळं सांगत होते?

घटप्रभा_साक्षी
सिस्टर, वेस्लीचं मला पण नवीन होतं. मी माझं मत बदलत नाही, खात्री ही देवाची देणगी आहे आणि प्रत्येकानं मागावी. पण हात मोजून तारण मोजायचं ते बरोबर नाही, एवढं मान्य. आमच्या फेलोशिपमध्ये पण असं करतात, आमच्या पास्टरांशी मी या शनिवारी बोलणार आहे. बाबांना म्हणावं, फिलिप्पैकरांस १:६ वाचा, ज्यानं चांगलं काम सुरू केलं तोच ते शेवटाला नेणार.

चिकोडी_०७
पहिल्यांदाच लिहितेय. वरचं सगळं शंका असलेल्या माणसाबद्दल झालं. माझा धाकटा भाऊ, लहानपणी बाप्तिस्मा, दृढीकरण, क्वायरमध्ये गायचा, आमच्यापेक्षा त्याचाच विश्वास जास्त होता. वडील अचानक गेले तेव्हापासून चर्च बंद, देवाचं नाव काढलं की उठून जातो. आईला रात्री झोप लागत नाही, ती विचारते याचं तारण गेलं का? बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या ६ व्या अध्यायात एकदा प्रकाश मिळून पतन झालेल्यांना परत पश्चात्तापाकडं आणणं अशक्य आहे असं वाचून तिनं धसका घेतलाय. खरं सांगा.

मिशन_सिस्टर
आमच्या शिकवणीत माणूस कृपेपासून पडू शकतो हे मानतात, ते लपवणार नाही. पण पडलेला परत येऊ शकतो हे पण तितकंच मानतात, वेस्लीनं असे कितीतरी परत आलेले बघितले होते आणि तसं लिहून ठेवलंय.

मलप्रभाकाठ
आमच्याकडं बाप्तिस्म्याची खूण आत्म्यावरून कधी पुसली जात नाही. म्हणून परत येणाऱ्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत, क्षमेचा संस्कार देतात. दार आतून बंद केलेलं नसतं. आईंना सांगा.

निपाणीकर_मास्तर
ताई, हॉलंडमधल्या डॉर्टच्या प्रॉटेस्टंट धर्मसभेनं १६१८-१९ मध्ये जे ठरवलं त्या परंपरेतला मी, तिथं असं मानतात की देवाचे लोक भयंकर पडू शकतात, पण देव त्यांना पूर्णपणे सोडत नाही. सिस्टरांचं आणि माझं इथं जमणार नाही, चालायचंच. इब्री ६ बद्दल एवढंच म्हणतो की ते पत्र ख्रिस्ताला जाणूनबुजून, थंड डोक्यानं तुडवून पुढं जाणाऱ्यांना इशारा म्हणून लिहिलंय, आणि त्याच अध्यायात ९ व्या ओवीला लेखक आपल्या वाचकांना म्हणतो की प्रियजनहो, तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे. वडील गेल्याच्या दुःखात देवावर रुसलेल्या पोरासाठी ते लिहिलेलं नाही.

लूक २२ काढा. पेत्र तीनदा नाकारणार हे येशूला आधीच माहीत होतं, आणि नाकारायच्या आधी तो त्याला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. वळलास तर नाही, वळलास म्हणजे. पेत्र त्या रात्री शेकोटीपाशी शपथा घेत होता तेव्हा त्याला कसली खात्री असणार? विनंती मात्र आधीच झालेली होती. भावाशी तारणावर वाद घालू नका. वडिलांबद्दल बोला, त्याला ते कुणाजवळ बोलता आलं नसणार.

चिकोडी_०७
सर, आईला लूक २२ वाचून दाखवलं. तिनं ओवी वहीत उतरवून घेतली. भाऊ वास्कोला असतो, आज रात्री त्याची शिफ्ट सुटल्यावर फोन करते, वडिलांचा जुना रेडिओ अजून आमच्याकडं पडून आहे, तो त्याला पाहिजे का विचारते.